शनिवारचा डबा

औषधांच्या खिडकीसमोरच्या रांगेत माझ्या पुढे दोघी नणंद-भावजय उभ्या होत्या. नणंदेच्या हातात चर्चची यादी होती. कोणत्या आजाऱ्याकडे कोणी, कोणत्या वारी जेवणाचा डबा न्यायचा, ते तीत लिहिलेलं होतं.

"ताई, माझा शनिवार बदला."

"का?"

"त्या ऑर्गनवालीकडे मी डबा नेणार नाही. भर उपासनेत मला बेसूर म्हणाली, सगळ्यांदेखत."

"पाय मोडून पडलीय ती, वहिनी."

"पडू दे. म्हणजे, होऊ दे बरी. पण मनात नसताना सेवा करायची म्हणजे ढोंगच की. प्रेम काय यादी करून करतात?"

"यादी नव्हती तेव्हाचं आठवा. रविवारची उपासना संपली की सगळ्यांना एकदम उमाळा यायचा. सोमवारी सहा डबे, आणि मंगळवारपासून आजारी माणूस बिस्किटांवर."

"ते खरंय, पण तरी..."

"तुमच्या ऑपरेशननंतर गुरुवारचा डबा कोणी आणला होता?"

"तुम्हीच. कडीला पिशवी अडकवली, बेल वाजवली आणि दार उघडायच्या आत जिना उतरलात."

"तेव्हा आपलं बोलणं बंद होतं."

"दोन वर्षं."

"मनावर सोडलं असतं, तर आले असते का मी?"

रांग दोन पावलं पुढे सरकली.

"सुपात मीठ नव्हतं त्या दिवशी."

"रागात केलं होतं. पण वेळेवर आणलं."

"शनिवारी किती वाजता न्यायचा?"

"बाराला. आणि मीठ घाला."