पाण्यावर गेलेला बैल

सरपंच, तात्या, दत्तू, जमलेली सगळी मंडळी, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या आयाबायांनो,

दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून तुम्ही तसेच इथं आलात. अंगावरची धूळ धुवायला पाणी नाही, घरी चुली पेटायच्यात. मास्तर आहे, बोलायची सवय आहे, म्हणून मला उभं केलंत. पण ही सवय आज कामाची नाही. दुपारपासून काय बोलायचं ते ठरवतोय. ठरवलेलं सगळं ही ओवरी बघितल्याबरोबर विसरलो.

कारण आपण बसलोय ती बाईंची जागा आहे. मारुतीची ओवरी म्हणजेच आपली बालवाडी. सरपंच, तुम्ही टेकलाय त्या खांबाला बाई पाठ लावून बसायच्या. आणि माझ्या डाव्या हाताला हा कोनाडा. त्यात काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे. मातीचे बैल.

परगावच्या पाव्हण्यांसाठी सांगतो. सुमनबाई म्हणजे ह्या दत्तूची बायको. माहेर देवळाली प्रवरा. पाटाच्या पाण्याची, उसाच्या फडातली पोर, आणि दिली आमच्या ह्या उजाड रानात. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात मी म्हणालो होतो, बाई, तुमच्या वडलांनी काय बघून दिलं तुम्हाला? हसल्या. म्हणाल्या, "गुरुजी, पाणी बघायचं राहिलं. माणसं बघितली." सातवी शिकलेल्या होत्या. बालवाडी निघाली तेव्हा गावात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यांना बाई केलं. नाइलाजानं केलं, आणि गावाचं नशीब उघडलं. मागच्या सोमवारी ते मिटलं.

बालवाडी मिळाली, पण हातात काय? पाटी नाही, मणी नाहीत, रंगीत ठोकळे तर आम्ही चित्रातसुद्धा बघितले नव्हते. चार-पाच वर्षांच्या पोरांना आकडे शिकवायचे कशानं? मग गेला पोळा आला. आठवतोय ना तो पोळा? अर्ध्या गावाच्या गोठ्यात बैल नव्हता, पण मातीचे बैल मात्र घरोघर पुजले. दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणं पोरं ते बैल ओढ्यात सोडायला निघाली. ओढा ठणठणीत कोरडा. सोडायचे कशात? पोरं बैल छातीशी धरून माघारी फिरली. बाई इथं पायरीवर उभ्या होत्या. म्हणाल्या, "द्या इकडं. पाणी येईस्तवर माझ्याकडं राहू द्या."

अशी ही खेळणी जमली. कुणाचं शिंग मोडलेलं, कुणाला शेपूट नाही. बाईंनी फरशीवर खडूनं लांब रेघ ओढली आणि म्हणाल्या, ही दावण. बांधा बैल. झाला गणिताचा वर्ग सुरू.

तालुक्याचे साहेब तपासणीला आले होते, तेव्हा मी इथंच होतो. बाईंनी दावणीला सात बैल लावले होते. साहेबांनी तात्यांच्या नातीला, हौसाला विचारलं, किती बैल? हौसा म्हणाली, "साडेतीन." साहेब हसले. म्हणाले, अर्धा बैल कुठं बघितलास गं? तिनं शेवटचा बैल उचलून त्यांच्या नाकापुढं धरला. "ह्यो काय. ह्याला जोडीदार न्हाई. एकलाच औताला कसा चालंल?"

तुम्ही मान डोलावताय. डोलावणारच. आपल्याकडं बैल कधी कुणी एक-दोन मोजलाय? अमक्याच्या दोन जोड्या, तमक्याची एक. पोर घरात जे ऐकते तेच मोजते. साहेब म्हणाले, बाई, हे चुकीचं शिकवताय. बाई म्हणाल्या, "साहेब, हे मी न्हाई शिकवलं. हे ती घरनं घेऊन आली. आता हितनं पुढं मला न्यायचंय." साहेबांना पुढच्या गावी जायची घाई होती, जीप चालू झाली. ते थांबले असते तर त्यांना आवडलं असतं. बाईंनी हौसाच्या हातात गवताच्या काड्या दिल्या. म्हणाल्या, "जोड्या राहू दे. चारा टाक. एका तोंडाम्होरं एक काडी, कुणी उपाशी राह्यला न्हाई पायजे." हौसानं काड्या टाकल्या. मग काड्या मोजल्या. सात. पोरगी काड्यांकडं बघत राहिली. मग बैलांकडं. मग म्हणाली, "बाई, ज्वड्या साडेतीन आन् त्वांडं सात."

मी पहिलीचा मास्तर. दर जूनला बालवाडीतली पोरं माझ्याकडं येतात. आधी पोरं शंभरपर्यंत धडाधडा म्हणायची, आणि पाच खडे आण म्हटलं की ओंजळ भरून आणायची. बाईंची ही पोरं इथं ओवरीतच पाच म्हटलं की पाच आणायला लागली. बाईंनी काय केलं ते मास्तरालाच कळतं, बाकीच्यांना वाटायचं, बाई पोरांबरोबर खेळतेय.

आता वजाबाकीचं सांगतो. हे तात्यांना जड जाईल. तात्या, सांगू दे मला.

बाईंनी दावणीला पाच बैल बांधले आणि म्हणाल्या, दोन बाजारात नेले, राहिले किती? हौसानं दोन बैल उचलले, ओच्यात घेतले आणि त्यांच्यावर ओणवी होऊन बसली. "न्यायचं न्हाई." झालं. सगळी पोरं पुढं सरकली, ज्याच्या हाताला जो बैल लागला तो त्यानं पोटाशी धरला. दावण मोकळी झाली. त्याच आठवड्यात तात्यांनी आपली जोडी बाजारात नेली होती. कितीजणांनी नेली होती. दारातून बैल कासरा ओढत मागं बघत गेलेले ह्या पोरांनी बघितले होते.

संध्याकाळी बाई माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, यंदा बाजाराची वजाबाकी नको. ती त्यांना येती."

मग त्यांनी काय केलं? दुसऱ्या दिवशी ओवरीच्या त्या टोकाला खडूनं एक गोल काढला. तो पाणवठा. बैल बाजारात जायचे बंद झाले, बैल पाण्यावर जायला लागले. दोन पाण्यावर गेले, दावणीला किती? तीन. आणि पोरं घरी जायच्या आधी पाण्यावरचा प्रत्येक बैल दावणीला परत आलाच पाहिजे. एकसुद्धा बाहेर राहायचा नाही. पोरं त्यांना चुचकारत आणायची. बाईंचा नियम होता, पाण्यावर गेलेला परत येतो.

बाहेर पाण्याचा थेंब नाही, आणि ओवरीत रोज बैल पाणी पिऊन येतायत. मंडळी, मी खांबाआड उभा राहून रडलोय.

मग कामावर पोरांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. पाणी कसलं येतंय ते तुम्हाला ठाऊक आहे. बाई घरोघर फिरल्या, गूळ-मीठ घालून उकळलेलं पाणी चमच्यानं पाजत बसल्या. तुमची पोरं उठली. ज्यांची उठली ती आज इथं पळतायत, त्यांना कुणी गप्प करू नका. शेवटी बाईंनाच गाठलं. सोमवारी भर दुपारी डोळे खोल गेले, हातपाय गार पडले. तालुक्याला दवाखान्यात न्यायचं म्हटलं. एसटी संध्याकाळची.

गाडी होती. तात्यांची गाडी दारात उभी होती, जू जमिनीला टेकवून. गावात गाड्या कितीतरी होत्या. बैल नव्हते. विकलेले विकले, उरलेले चारा छावणीत. अख्ख्या गावात गाडीला लावायला एक जोडी नाही. ह्या गावानं असला दिवस कधी बघितला होता?

आम्ही बाज आणली. दत्तू कामावरून पळत आला होता. आम्ही दोऱ्या बांधतोय तोवर हौसा ह्या कोनाड्याकडं पळाली आणि दोन बैल घेऊन आली. म्हणाली, "बाईंकडं लई बैल हायत की. ह्यी जोडी जुंपा."

कुणाला तिच्यावर ओरडता आलं नाही. तिनं बैल बाजेवर ठेवले. एक घरंगळून खाली पडला, तो तिनं उचलला. दुसरा बाईंनी मुठीत घेतला. डोळे उघडले. आवाज इतका बारीक, की मी वाकून ऐकलं. म्हणाल्या, "हौसा, तो तू सांभाळ. ह्यो माझ्यासंगं पाण्यावर चाललाय."

खिंडीपर्यंत पोचलो. मी पुढच्या खांद्याला होतो. मागून दत्तू म्हणाला, गुरुजी, खाली ठेवा. एवढंच म्हणाला.

घरी आणल्यावर सासूबाईंनी बाईंची ओटी भरली. नारळाशेजारी तो मातीचा बैलही ठेवला. आजी, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सुचलं. सून तुमची होती.

आता जे बोलायला मी खरा उभा राहिलोय ते बोलतो. परवा दत्तू अस्थी घेऊन पैठणला गंगेवर जाणार. आणि गावात ठरत आलंय, की कोनाड्यातले सगळे बैलही टोपलीत घालून बरोबर द्यायचे. पुजलेले बैल विसर्जन न करता ठेवले, म्हणून बाईंवर हे आलं, असं म्हणतात. कोण म्हणतं? तात्या म्हणतात. तात्या माझ्या वडलांच्या जागी. काल ते मला म्हणाले, "मास्तर, पुजलेला द्येव असा ठिवू न्हाई. माझी हौसा दिसभर त्यातच असती. मला भ्या वाटतंय."

तात्या, भीती मला कळते. ज्याच्या दारातून एवढं गेलं त्यानं नातीसाठी भ्यायचं नाही तर कुणी? पण मी हात जोडून सांगतो, बाईंना ह्या बैलांनी नेलं नाही. बैल नव्हते म्हणून बाई गेल्या.

मी तुम्हाला धीर द्यायला हवा. शोकसभेत तसंच करतात. माझ्याकडं तो नाही. मृगाचा पाऊस पडेल का? मला माहीत नाही. नवी बाई मिळेल का? पोरांच्या खाऊला सरकारी सुकडीचा डबा मिळायला इथं इतकं झगडावं लागतं, बाई कोण देतंय? पाऊस झाला तरी दिवाळीनंतर तुम्ही कोयते घेऊन कारखान्याकडं निघाल, पोरं बरोबर जातील. हा वर्ग ह्या बैलांवर उभा होता. ते गेले की उरते ही फरशी. तीही पुसली की बाई इथं होत्या हे सांगायला काही राहणार नाही. मी हरलेला माणूस बोलतोय. तुम्ही ऐकालच असंही मला वाटत नाही.

आज सकाळी मी इथं आलो, तर हौसा एकटी दावण लावत बसली होती. सगळे बैल जोडीजोडीनं बांधलेले. शेवटचा एकटा. त्याच्याशेजारी तिनं जागा सोडली होती आणि तिथं गवताची काडीसुद्धा टाकली होती. मी विचारलं, हौसा, हे काय? म्हणाली, "ह्याचा जोडीदार बाईंसंगं पाण्यावर गेलाय. यील." मग काडी नीट करत म्हणाली, "दोघं येतील."

मी तिथून उठून गेलो. मला तिथं बसवेना.

मंडळी, आता हे बघा. माझ्या हातात काय आहे ते मागच्यांनाही दिसू दे. तिसऱ्या दिवशी राख सावडायला दत्तू आणि मी होतो. राखेत दत्तूच्या बोटांना हे लागलं. त्यानं पुसलं आणि माझ्या हातावर ठेवलं. एक शिंग गेलंय, एक बाजू काळी पडलीय. पण बैल आहे. बाईंच्या ओटीतला. ह्याला चमत्कार म्हणू नका, मी म्हणू देणार नाही. कच्ची माती आगीत भाजते, कुठल्याही कुंभाराला विचारा. कोनाड्यातले बैल पाण्यात घातले की विरघळून जातील. हा विरघळणार नाही. तात्या, तुम्ही म्हणालात तरी गंगेला हा घेता येणार नाही.

सभा संपून हौसानं पुन्हा दावण लावली, की मी हा त्या रिकाम्या जागेवर बांधणार आहे. हौसा म्हणेल, बघा गुरुजी, आला का न्हाई? तिचं खरं झालं, असं मला म्हणावं लागेल. आणि मग ती पायरीकडं बघत बसेल, दुसऱ्याची वाट बघत. दोघं येतील म्हणाली होती ना. बैल आला. बाई येणार नाहीत. एवढं एक गणित मला त्या पोरीला समजावून सांगायचंय, आणि इतकी वर्षं मास्तरकी करून मला ते येत नाही. ज्यांना येत होतं त्यांना आपण खांद्यावरून नेलं.

उठा मंडळी. टोपी हातात घ्या. बाईंसाठी दोन मिनिटं कुणी बोलू नका. त्यानंतर ज्याला कोनाड्यातले बैल टोपलीत भरायचे असतील त्यानं पुढं यावं. मी अडवणार नाही. फक्त हौसा दावणीजवळ बसलेली आहे, तिला आधी विचारावं, आणि ती काय म्हणते ते ऐकावं.

बाई, तुमचा एक आला. आम्ही उभे आहोत.