निरंक

...बसा, बाक सरकारी हाय, माझा न्हाई — पण तो मोजायचा फीता आधी पिशवीत घाला, ताई. कावून म्हणजे? आमच्या बीड जिल्ह्यात फीता निघाला की कुणाची तरी जमीन जाते, न्हाईतर कुणाचं तरी उद्घाटन होतं, आणि दोन्ही वेळेला उन्हात आमीच उभे. अपंगांसाठी पाहणी? बरं. संस्थेचं नाव चांगलं हाय, अर्थ लागत न्हाई, म्हणजे पुण्याची असणार. ओळखपत्र बघू — फोटो तुमचाच हाय, शिक्का मात्र पुसट. शिक्क्यांतलं मला कळतं, केजच्या वनखात्याच्या कचेरीत एकतीस वर्षं तेच केलं. मागच्या साली रिटायर झालो. विश्वेश्वरअप्पा म्हणतात मला — हे लिहू नका, सहज सांगितलं.

उतार मोजलात ना? उतारात खोट न्हाई. सिमेंटचा, बाजूला कठडा, थेट तळ्यापर्यंत, तिथं मोर बघायला ओटा. चाकाची खुर्ची असली तर एका हातानं जाईल. फक्त तो उतार अभयारण्याच्या फाटकाच्या आत हाय, आणि फाटकात हे लोखंडी चक्र, गुरं शिरू नयेत म्हणून. गाय जात न्हाई, म्हस जात न्हाई, तीनचाकी सायकल जात न्हाई. शेळी जाते, रोज जाते, नवी रोपं खाऊन येते. आता मार्चअखेर आला की मंजूर झालेलं काम कुठंतरी बांधावंच लागतं — तर आत बांधलं. शेजारचा मोठा दरवाजा? तो साहेबांच्या जीपसाठी. किल्ली बंकटच्या कमरेला — तो काय, तिकिटाच्या खिडकीत, आपलं ऐकू येत न्हाई असं दाखवतोय. लेखी हुकूम असल्याबिगर तो सख्ख्या सासऱ्याला दरवाजा उघडायचा न्हाई.

हुकूम होता, ताई. म्हणजे व्हायचा होता. पंच्याण्णव साली दिल्लीत कायदा झाला, मग मुंबईहून परिपत्रक आलं — जिथं अपंग अभ्यागत येतात तिथला मोठा दरवाजा रोज उघडा ठेवावा, सबब वर्षाला असे किती येतात ते कळवावं. माझ्याच टेबलावर आलं. बंकटला विचारलं, तो म्हणाला कुणी येत न्हाई. मग रकान्यात काय लिहायचं? निरंक. निरंक म्हणजे काहीच न्हाई. शून्य लिहिलं तर वरचा विचारतो शून्य कावून. निरंक लिहिलं की फाईल गप बसते. तीन वर्षं लिहिलं, वळणदार. येता येत न्हाई म्हणून आले न्हाईत, आले न्हाईत म्हणून दरवाजा बंद, बंद म्हणून येता येत न्हाई — याला तुमच्या पुण्यात काय म्हणतात ठाऊक न्हाई, कचेरीत याला पूर्तता म्हणतात.

माझ्या घरात? माझ्या घरात कुणी न्हाई तसं. तुमी सगळ्यांना हेच विचारता का, का माझंच नाव कुणी दिलं? बंकटनं दिलं? न्हाई ना. मग ठीक.

ही तिकिटं — हां, दोन हायत. खिशातलं बघायची सवय चांगली न्हाई, ताई. एक माझं, एक संगमेशचं. धाकटा भाऊ. धारूरहून येणार हाय, एसटी उशिरा सुटली असंल. आणि समजा न्हाई आला तर मी एकटा दोनदा आत जाईन, तुमच्या रकान्यात बसतंय का बघा.

निरंकात माझा काय फायदा? काही न्हाई. पाठकोरे कागद तेवढे मिळायचे. अहवालाच्या जादा प्रती उरायच्या, मागची बाजू कोरी, घरी न्यायचो. सरकारी होते, हो, लिहा, पेन्शन कापा. तेवढेच कागद, प्रणिताला लई लागायचे, सारखी चित्रं —

प्रणिता म्हणजे मुलगी. हे लिहू नका.

दोन वर्षांची असताना ताप आला, ताप गेला, पाय घेऊन गेला. आता बावीसची हाय. इथनं अर्ध्या कोसावर घर, पहाटे मोर ओरडले की अंथरुणातनं सांगते, दोन हायत, आज तीन हायत, तळ्याकडनं ओरडतायत. तळं तिनं बघितलेलं न्हाई. मीच सांगायचो, काही बघण्यासारखं न्हाई गं तिथं. लोक तिच्या पायांकडं बघतात, ताई. शांतादेवी, माझी बायको, म्हणायची न्या एकदा, मी म्हणायचो पुढच्या साली. मोर काढायची ती, कागदांच्या मागं, न बघितलेले, शेपूट जरा जास्तच. परवा एक कागद तिनं उलटा केला. पुढची बाजू वाचली. माझं अक्षर तिला कळतं, तिला अक्षर मीच शिकवलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "अप्पा, हे निरंक म्हणजे मीच ना?"

मी म्हणालो, सरकारी कामातलं तुला कळत न्हाई.

संगमेश येणार न्हाई. तो ऑटो दिसतोय का, लिंबाखाली? तासभर झाला. मागं तिची तीनचाकी बांधलीय. बंकट म्हणतो, अप्पा, नियम तुमालाच ठाऊक. खरं हाय, मलाच ठाऊक.

थांबा, पेन उघडू नका. तुमी रकान्यात एक लिहाल, पुण्याला जाल, तिथं तुमचा कुणी विश्वेश्वरअप्पा बसलेला असंल, त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं असंल. तो कागद इकडं द्या. पाहणीचा न्हाई, कोरा. अर्ज लिहितो, साहेबांच्या नावानं, आणि पोच म्हणून प्रतीवर बंकटची सही घेतो. सही केली की त्याला जबाब द्यावा लागंल, दरवाजा उघडणं त्यापेक्षा सोपं. हे तुमच्या संस्थेत शिकवत न्हाईत. विषय — मोठा दरवाजा उघडण्याबाबत. महोदय, वरील विषयान्वये —

न्हाई, अर्जदाराचं नाव मी न्हाई लिहिणार. ती लिहील, तिला येतं. उठा तुमी आता, ताई, बाक मोकळा करा. तिला टेकून लिहायला जागा लागंल.