शेंदराचे तीन हात

—त्या डब्यावर नका बसू ताई, झाकण ओलं हाय, ड्रेसला डाग पडंल आन् तेलाचा रंग काय निघत न्हाई. हितं पाटावर बसा. हे येतीलच आता, सायकलवरनं सांगलीला गेल्यात, रंगात घालायचं तेल आणायला. पण तवर तुमी काय म्हणत होता ते परत सांगा बघू, माझ्या ध्यानात आलं न्हाई. इमारतीला गुण? शाळंतल्या पोरांसारखे? अगं बाई! म्हंजे तुमचा दवाखाना बांधून झाला की परदेशातली माणसं येणार, आन् कागद देणार, की ह्या इमारतीनं झाडाला, पाण्याला, माणसाला कुणाला त्रास दिला न्हाई—असंच न्हवं? आन् त्यासाठी वीट कुठली, वाळू कुठली, किती लांबनं आणली, सगळं लिहायचं. विटा पास झाल्या म्हणता? चुनाबी झाला? मग रंगच राहिला की. माणसानं इमारतीला जपावं हे ऐकलं होतं, इमारतीनं माणसाला जपायचं हे आजच ऐकतीय.

लिहा, सांगते मी. ह्यांची वाट बघायची काय गरज न्हाई, रंग हे लावत्यात पण कालवते मीच, वीस वर्षं झाली. ह्यांचे हात आता कापत्यात—ते नका लिहू—मनगटातनं असा हात खाली लोंबतो, कवा कवा ब्रश सुटतो. पण एकदा हात बसला की रेघ अशी सरळ मारत्यात, सगळ्या मिरजेत विचारा, जैनुद्दीन पेंटर म्हणून. हे काम पायजे हो आमाला. लहान मुलांचा दवाखाना म्हणल्यावर हे आठ दिस झोपले न्हाईत, भिंतीवर ससा काढू का हत्ती काढू, एवढंच चाललंय. तर लिहा. भिंतीला चुना, तो हितंच मागं पिंपात भिजवलाय. त्यात मीठ, सरस आन् थोडी नीळ. झालं. भिंतीच्या भेगा बुजवायला लांबी—खडूची पावडर, तेल आन् सफेदा मळायचा, कणकीसारखा. मी परातीतच मळते, जुन्या. आन् लोखंडाला, म्हंजे खिडक्यांच्या गजांना आन् मुलांच्या खाटांना, शेंदूर. शेंदूर लावल्याबिगर हे लोखंडाला रंगच देत न्हाईत. दुसरे पेंटर लाल मातीवर भागवत्यात, ह्यांचं तसलं न्हाई.

काय? शिसं? कृष्णेवर जाळं टाकत्यात, त्याला खाली गोळ्या असत्यात ते? ते रंगात कसं असंल ताई, एवढं जड! शेंदूर म्हंजे भाजलेलं शिसंच? आन् सफेद्यातबी? असं व्हय. बघा, वीस वर्षं कालवतीय आन् मला ठावं न्हाई. बरं मग लिहा, शिसं हाय. भरपूर हाय म्हणून लिहा. चांगलंच की, टिकतं. त्याला जास्त गुण असतील न्हवं?

न्हाई? का न्हाई?—लहान मुलांच्या पोटात गेलं तर? आवं ताई, खाटंचा गज कोण खातंय! (तुमी बी हसा की जरा, आल्यापासनं तोंड बारीक करून बसलाय.) न्हाई म्हणायला आमची सिमरन खायची. ती पलीकडं पडद्याआड बसलीय ती. आवाज येतोय ना पत्र्याचा—डब्याची झाकणं एकावर एक ठेवायची, परत काढायची, दिसभर तेच. पंधरा वर्षांची हाय. तुमाला वाटलं असंल लहान पोर खेळतंय. सगळ्यांना वाटतं.

तिच्यासाठी ह्यांनी पाळणा केला होता. लोखंडी, गजांचा, लोहाराकडनं घडवून आणला. पहिली लेक, ह्यांना काय करू न् काय नको झालेलं. लोकांच्या खिडक्यांना शेंदराचा एक हात, लेकीच्या पाळण्याला तीन. तीन हात, ताई! आन् त्याच्यावर पिवळा, चकचकीत. लोक बघायला यायचे. आन् तिला दात यायला लागले तसं ती उभी राहून वरचा गज चावायची. पिवळा गेला, लाल निघालं, ओठ लाल करून बसायची. हे हसायचे, म्हणायचे, बापाचा रंग लेकीला गोड लागतो. आन् खरंच गोड लागायचा बरं का, मी एकदा बोट लावून चाखलं होतं. चावून चावून गज उघडा पडला की हे कानशीनं घासून परत—

का थांबलात? लिहा की.

ताई?

न्हाई, ते गजाचं नका लिहू, ते घरातलं झालं. सिमरनचं आपलं वेगळं हाय. तिचं ग्रहणाचं हाय. मला पाचवा महिना होता आन् ते मोठं ग्रहण आलं, ऐंशी साली, भर दुपारी अंधारलं होतं ते. रस्त्यावर कुत्रं न्हवतं. सासूनं मला कोपऱ्यात बसवलं, हलू नको म्हणाली. आन् मला आठवलं, चुन्याचं पिंप उघडंच हाय. दोन मिनिटं अंगणात गेले, झाकण ठेवलं, आले. सासूनं दारातनं बघितलं. बस. पोर अशी झाली तवा पहिलं तेच निघालं—अख्तरबीनं ग्रहणात पाय बाहेर टाकला. सासू मरेपर्यंत म्हणत होती. मी बी म्हणते. ह्यांनी मातूर एकदा म्हणून न्हाई काढलं तोंडातनं. उलट सासूला म्हणायचे, पिंप माझं होतं, माझ्या धंद्याचं. आत्ता दिवाळीत ग्रहण झालं, तर सगळी पोरं काळ्या काचा लावून गच्चीवर, आन् मी सिमरनला वाकळंत गुंडाळून आतल्या खोलीत धरून बसले. पंधरा वर्षांची पोर. आता काय व्हायचं राहिलंय तिचं, पण धरून बसले.

काय विचारलंत? जन्मली तवा कशी होती? चांगली होती की. गुटगुटीत. वेळंवर बसली, वेळंवर चालली. अब्बा म्हणायची, पाणी म्हणायची, काऊ म्हणायची—सहा-सात शब्द होते, मी मोजले होते. मग दीड वर्षाची झाली आन् पोट दुखायला लागलं. जेवंना. रडरड रडायची. मग झटके आले. मिरजेत काय, डॉक्टरला तोटा न्हाई, सगळे पालथे घातले, दर्ग्यालाबी बसवलं. झटके थांबले, पण शब्द गेले. एक एक करून. शेवटी काऊ राहिला होता, तोबी—

तुमच्या कागदावर काय लिहिलंय ताई? न्हाई, तो हात काढा. मला इंग्रजी कुठं येतंय, तुमीच वाचा. हितं, ह्या शिशाच्या पुढं एवढं बारीक बारीक काय लिहिलंय? वाचा. मोठ्यानं वाचा.

पोट.

झटके.

मोठ्या माणसाचं मनगट.

परत वाचा.

मग ग्रहण दीड वर्षं कुठं बसलं होतं? सांगा की! आन् म्हंजे मी काय केलंच न्हवतं? दोन मिनिटं अंगणात गेले, झाकण ठेवलं, आले—त्यानं काय झालंच न्हाई? चौदा वर्षं, ताई. चौदा वर्षं मी ह्या घरात मान खाली घालून—

न्हाई, पाणी नको.

तीन हात दिले त्यांनी. एकाच्या जागी तीन.

ऐका. आवं ऐका ताई, आम्रपाली न्हवं तुमचं नाव? आम्रपाली, हे आल्यावर त्यांना ह्यातलं काय बी सांगायचं न्हाई. शेंदूर खोडा. त्यांना म्हणावं, परदेशातल्या लोकांना लाल आवडत न्हाई. चिडतील, म्हणतील त्यांना काय कळतंय. चिडू देत. सफेदाबी खोडा. कुठला बिनशिशाचा रंग असंल तो लिहा, मी शिकून घेईन कालवायला. पण का ते सांगू नका. त्या माणसाचे हात आधीच कापत्यात. मला सवय हाय हो. ग्रहण माझ्याकडंच राहू दे.

काय म्हणालात? पाळणा? तो कुठाय म्हंजे—

या अल्ला.

चंद्राबाईकडं हाय. ह्या बोळाच्या तोंडाला घर हाय तिचं. तिच्या नातीला दिला, दसऱ्याला. हे म्हणाले, आपल्या घरात रिकामा कशाला, आन् बसून सगळा कानशीनं घासला, नवीन केला. शेंदराचे तीन हात. नात सात महिन्यांची हाय. परवाच चंद्राबाई सांगत होती, गज चावायला लागलीय, दात येत्यात वाटतं.

उठा. उठा ताई, तो कागद घडी करा. मी पाळणा आणते परत. काय सांगू? सांगीन तिला, ग्रहण लागलेल्या पोरीचा पाळणा हाय, अपशकुनी हाय, मला सपान पडलं. लगेच देईल. शिशाचं सांगितलं तर हसंल, ग्रहणाचं सांगितलं की हात लावायची न्हाई. आन् पोरीला डॉक्टरकडं न्यायला तुमी सांगा, तुमी शिकलेल्या, तुमचं ऐकंल. बोळाच्या तोंडाशी थांबा, मी आलेच. पाळणा मी भंगारात बी देणार न्हाई, कुणीतरी परत वापरंल. मातीत पुरते कुठंतरी.

गप. घंटी वाजली. सायकल लावत्यात.

आवं, आलात? मिळालं तेल?—ह्या व्हय, दवाखान्याकडनं आल्या होत्या. रंगाचं विचारत होत्या.—न्हाई, न्हाई, ससा चालंल म्हणाल्या. ससा आन् हत्ती दोन्ही काढा म्हणाल्या.—माझ्या डोळ्याला काय झालंय? चुना उडाला. तुमी हात धुवा आधी. साबणानं धुवा, नीट, आन् मग सिमरनला हात लावा.

जावा ताई तुमी, मी बी बोळाच्या तोंडापर्यंत आलेच. जावा, उशीर झालाय.