बाजाराच्या दिवसाची गोळी

पाचोडच्या बहिणीच्या पत्राला प्रल्हादरावांनी उत्तर दिलं नव्हतं. बहिणीला, मुक्ताबाईला, फोनवर ऐकू येत नसे, म्हणून तिनं लिहून विचारलं होतं, "सांध्याच्या गोळीनं दुखणं थांबलं, पण धाप लागती. घेऊ का नको?" आपल्याला काय कळतं, म्हणून त्यांनी पत्र तसंच ठेवून दिलं होतं.

आज छातीच्या दवाखान्यात ते स्वतःच्या नंबरची वाट बघत बसले असताना शेजारी सासू-सून बोलत होत्या.

"आत्या, सांध्याची गोळी रोज घेतली व्हय?"

"गावाकडचे डॉक्टर म्हनले, बाजाराच्या दिवशी घ्या."

"तिथं आठवड्याचा बाजार!"

"इथं रोजच भरतोय की गं."

"त्यानंच फुफ्फुस सुजलं ना!"

"आठवड्यातनं एकदाच घेतली असती तर?"

"एखाद्याला तरीबी होतं, इथले डॉक्टर म्हनले. धाप लागली की गोळी बंद, अन् लगेच दाखवायचं."

प्रल्हादरावांनी नंबर सोडला. 'गोळी थांबव, आजच डॉक्टरांकडं जा,' एवढंच लिहून पाकीट त्यांनी पाचोडच्या एसटीत कंडक्टरच्या हातात ठेवलं.