बिल्ल्यांचा दुष्काळ

हसू नका, त्या हंगामात माझी झोप उडाली होती. संगमनेरकडच्या एका साखर कारखान्याच्या गेटवर मी होतो. ऊस घेऊन येणाऱ्या प्रत्येक बैलगाडीला नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा. तो वजनकाट्यावर परत घेतात, असा माझा समज. पण बिल्ले पुरेनात. नवे बनवून आणले, तेही संपले. बाहेर गाड्यांची रांग, आत इंजिनिअरसाहेब ओरडतायत, "ऊस थांबला तर गाळप बंद पडेल!"

मी घामाघूम. तेवढ्यात पाथर्डीच्या एका तोडकऱ्याचा बैल खुळखुळत शेजारी येऊन थांबला. गळ्यात बिल्ल्यांची माळ!

"अरे, हे काय?"

तोडकरीच वैतागला, "सायेब, रोज येक देताय. बैलाची मान वाकली. आता बास करा की!"