सरांचे पालक

लोकशाही शिकवावी, पण वर्गात आणू नये, हे मी आता छातीठोकपणे सांगतो.

पारोळ्याला अकरावीला राज्यशास्त्र शिकवतो मी. पहिल्याच दिवशी हौसेनं म्हटलं, "वर्गाचे नियम तुम्हीच ठरवा, हात वर करून. नियम सगळ्यांना सारखे, मलासुद्धा!" पोरांनी एकच नियम केला: उशीर झाला तर पालकांना आणल्याशिवाय आत यायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी धुळ्याहून येताना माझी एसटी बंद पडली. वर्गाच्या दारात वर्गप्रतिनिधी कोमल उभी.

"सर, पालक?"

"अगं, माझं वय पन्नास!"

"नियमात वयाचं काही नाही, सर."

तेवढ्यात प्राचार्य आले. वाटलं, सुटलो. ते म्हणाले, "शब्द दिलाय ना पोरांना? मग बोलवा की वडिलांना."

काय करणार! जवळच्याच गावाहून आबांना बोलावलं. चुलतभावाच्या मोटरसायकलवर टोपी सावरत ते पोचले, तोवर निम्मा तास उलटला होता.

कोमल म्हणाली, "आबा, तुम्हालाही उशीर झाला. तुमचे पालक?"

मी कपाळावर हात मारला. आबा आभाळाकडे बोट दाखवत शांतपणे म्हणाले, "बेटा, त्यास्ले आनाले माले वर जानं पडी. जाऊ का?"

मग रीतसर मतदान झालं. आबांना एकमतानं आत घेतलं आणि पहिल्या बाकावर बसवलं. नंतर मला घ्यायचं का, यावर मतदान. अख्खा वर्ग माझ्या बाजूनं. विरोधात एकच हात वर.

आबांचा!