ताटात रंगवलं तेवढंच

साहेब, एका चित्रावरून तुम्ही एका गरोदर बाईचं नाव मोफत दुधाच्या यादीतून उडवलंत. दवाखान्याच्या रांगेत ती माझ्या पुढेच उभी होती, सोबत तिची नणंद. त्यांचं बोलणं कानावर पडलं तसं लिहितो.

“वहिनी, लिहिता येत नसेल तर काल काय खाल्लं त्याचं चित्र काढा, एवढंच दवाखान्यातले म्हणाले होते ना? मग भात, मासळी, अंडी, फळं कुठून आणलीस?”

“अगं, कागदावर छापलेलं ताट बघितलं आणि हात चालायला लागला. दिवसभर लोकांच्या घरी रांधते तेच उतरलं.”

“म्हणजे मालकिणीचं जेवण!”

“मग? माझं काढायला रंग कशाला लागतात?”

“साहेबांनी शेरा मारला, आहार उत्तम, दूध नको. आता बस ते चित्र चाटत.”

“हसू नकोस. नर्सबाईंनी मला जवळ बसवून नवा कागद दिला. म्हणाल्या, यातलं तुमच्या पोटात गेलं तेवढंच रंगवा.”

“काय रंगवलंस?”

“भाताच्या तळाची खरवड. बोटभर पिवळी रेघ.”

“मग त्यांनी काय केलं?”

“अगं, स्वतःचा डबा उघडला, अर्धा मला वाढला आणि माझ्यासोबत जेवल्या. लग्न झाल्यापासून मला कुणी वाढलं नव्हतं. त्यांचं कल्याण होवो.”

“आणि दूध?”

“ते नवं चित्र त्यांनी त्याच दिवशी साहेबांच्या टेबलावर ठेवलंय. आज आठवा दिवस.”

साहेब, कागद तुमच्यासमोर आहे आणि आम्ही अजून रांगेत आहोत. तिचं नाव यादीत परत कधी घालताय, बोला.